तळहाताएवढी कोरी जागा

यहुदी शिंप्याची बायको चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्रात तळहाताएवढी जागा कोरी ठेवायची.

“यरुशलेममधलं आपलं मंदिर पुन्हा उभं राहीपर्यंत काहीच पुरं करायचं नसतं,” ती म्हणायची.

“मग गिऱ्हाइकांना एकेकच बाही लावू का?” शिंपी चिडवायचा.

तिच्या शेवटच्या चित्रात शब्बाथचं, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाचं टेबल होतं. दोन मेणबत्त्या, डोळ्यांवर दोन्ही हात धरून प्रार्थना करणारी ती स्वतः, आणि समोरच्या खुर्चीत कोरी जागा.

ती जाऊन बारा दिवस झाले, तेव्हा त्या खुर्चीत कुणाचेतरी गुडघे दिसले. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा आला. शिंप्यानं बोट लावलं. रंग ओला होता.

“बाबा, तुम्ही रंगवताय?” मुलीनं विचारलं.

“मला फक्त खडूनं कापडावर रेघ मारता येते.”

चित्रातला सदरा उजव्या छातीवर फाटलेला होता. बायकोच्या दफनाच्या वेळी रीतीप्रमाणे त्यानं आपला सदरा त्याच जागी, उजव्या छातीवर फाडला होता. जन्मभर लोकांचं फाटलेलं शिवलं, पण हे शिवायला त्याचा हात धजेना.

मुलगी पांढरीफटक पडली. “रविवारी हे चित्र मी घेऊन जाते.”

शुक्रवारी संध्याकाळी चित्रात फक्त चेहरा रंगायचा उरला होता. मुलगी रविवारी सकाळीच येणार होती. शिंप्यानं तो फाटका सदरा चढवला आणि चित्रासमोर खुर्ची ओढली.

“मंदिराचं राहू दे गं,” तो म्हणाला. “आपलं तेवढं पुरं कर.”

चित्रातल्या तिच्या डोळ्यांवर आता एकच हात होता.

त्याच्या गालाला ओला, गार कुंचला लागला.