महिनाभर वेगळी

राजेगावहून डुकराची सहा पिल्लं पिकअपमध्ये घालून तेजराम बैहरला लेकीच्या घरी पोचला. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा, तरी संध्याकाळच्या बसने परतायचं म्हणत होता. हेमलताने ती पिल्लं आपल्या डुकरांत सोडू दिली नाहीत.

“काहून? माह्या घरची पिल्लं बिमार हायेत का?”

“नाही बाबा. पण गाडीतली दाटी, घाटातले हादरे, अन् दिवसभर पाणी नाही. अशा वक्ती पोटात दबून बसलेले जंतू जोर करतात. मागच्या खेपेले हगवण लागून माही चार डुकरं गेली. आता डॉक्टर म्हणते, नवीन आणलेली एक महिना वेगळी ठेवा, अन् त्यायच्यापाशी जाणारा माणूसही वेगळाच ठेवा.”

“मंग तो माणूस कोन?”

“तुमी.”

तेजराम कुरकुरला, पण राहिला. रोज पिल्लांची जागा धुवायचा, पाणी बदलायचा, मग साबणाने हातपाय घासून लेकीच्या हातचा गरम भात जेवायचा.

विसाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. पिल्लं चांगली टुणटुणीत होती.

“काका, ही अजून वेगळीच? मी तर पंधराच दिवस सांगितले होते.”

तेजरामने ओसरीकडे पाहिलं. हेमलता मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला, “महिना होऊ द्या. घाटाचा रस्ता लय खराब हाय. थकवा उतराले टाईम लागते.”