एकेक चेहरा

ग्वादालूपेच्या माउलीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा सहावा दिवस. सान अंतोनियोत शिवणकाम करणाऱ्या चेलो मावशीच्या घरी अकरा बायका हातात जपमाळा घेऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या. सोळा वर्षांच्या यारेलीचा फोन विसाव्यांदा थरथरला. एकोणीस वेळा तिनं तो मुद्दाम उचलला नव्हता. दूध उतू जायचं तर तेवढी आच लागतेच.

"तुझा देवदूत दिसतोय," चेलो मावशी कुजबुजली. "घे बाई. नशीबवान आहेस, इतका जीव टाकतो."

आईही हेच म्हणाली होती. एफ्रेनसारखा मुलगा? दर रविवारी पाद्रीबाबांच्या शेजारी मेणबत्ती धरून उभा असतो. तुझंच काही चुकत असेल.

प्रार्थना सांगणाऱ्या, सगळ्या मानानं 'दोन्या' म्हणत त्या ओफेलिया या एफ्रेनच्याच आजी. त्या रोज संध्याकाळी कुठे जातात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. यारेली कुठे आहे, हे मात्र दर दहा मिनिटांनी विचारी.

यारेलीनं आवाज पूर्ण वाढवला आणि व्हिडिओ कॉल घेतला.

"कुठे मेलीस गं? ही कुठली गल्ली दाखवतोय फोन? कुणाच्या मांडीवर बसलीयस?"

"प्रार्थनेला आलेय."

"त्या माळा ओढणाऱ्या थेरड्यांत तुझं काय काम? खोटारडी. परवा मनगट पिरगाळलं ते विसरलीस वाटतं. कॅमेरा फिरव. खोलीतला एकेक चेहरा दाखव मला."

माळा थांबल्या होत्या.

"सगळे?"

"सगळे."

तिनं फोन फिरवला. सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चेलो मावशी. आई. एफ्रेनची बाप्तिस्म्याची धर्ममाता. दोन्या ओफेलियांवर आणून तो स्थिर धरला.

"आजी... अगं, मी गंमत..."

ओफेलियांनी यारेलीची बाही वर सरकवली. मनगटाभोवतीचे निळे वळ पाहिले. बाही पुन्हा खाली केली नाही.

"फोन ठेवू नकोस, एफ्रेन," यारेली म्हणाली. "मी सांगेपर्यंत ठेवायचा नाही. तुझाच नियम आहे."

"गुडघ्यांवर बस," ओफेलिया त्याला म्हणाल्या.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग त्याचं खाली घातलेलं डोकं. ओफेलियांनी पुढचा मणी धरला. बायकांनी एका सुरात साथ दिली, आणि त्यांच्या मागून एक बारीक पुटपुट आली.

यारेलीनं फोन माउलीच्या मूर्तीच्या पायाशी टेकवून ठेवला.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं."