जांभळी पत्रपेटी

हॅवलॉक विद्यापीठाच्या अध्यक्षबाईंनी माइकसमोर घसा खाकरला, तसा ऑरिन हॉगनने टीव्हीचा आवाज वाढवला. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा डेल जांभळी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. डेल हॅवलॉकचा, ऑरिन कॉटनवूड स्टेटचा. दोन्ही कॉलेजं स्पर्धेच्या एकाच गटात होती आणि त्यांची फुटबॉलची मॅच दर नोव्हेंबरात होई. ज्याचं कॉलेज हरेल त्याने आपली पत्रपेटी दुसऱ्याच्या रंगात रंगवायची आणि पुन्हा जिंकेपर्यंत तशीच ठेवायची, असा दोघांचा नियम होता.

खिडकीतून रस्त्याकडेचा खांब दिसत होता. त्यावर ऑरिनची आणि समोर राहणाऱ्या डेलची अशा दोन पेट्या, शेजारी शेजारी. दोन्ही जांभळ्या; गेल्या नोव्हेंबरात हॅवलॉक जिंकलं होतं.

“तुमचं कॉलेज गटातून गेलं तर माझ्या पेटीचं काय?” ऑरिनने विचारलं.

“जांभळी.”

“कायमची?”

“जिंकल्याशिवाय रंग बदलत नाही. नियम कुणी काढला होता, लेका?”

नियम ऑरिननेच काढला होता. तेव्हा कॉटनवूड ओळीने जिंकत होतं.

अध्यक्षबाई हॅवलॉकच्या थोर वारशाबद्दल बोलू लागल्या.

“वारसा काढला म्हणजे निघाली,” स्वयंपाकघरातून कॅरल म्हणाली. ती ऑरिनची बायको आणि डेलची बहीण. मॅच असली की ती दोघांच्याही विरुद्ध असे.

निघाल्याच. टीव्ही कंपनीला शनिवारी रात्री उशिरापर्यंत मॅच दाखवायच्या होत्या. किनाऱ्यावरच्या ‘कोस्ट ट्वेल्व्ह’ या गटाशी तिने तसा करार केला होता आणि अठरा संघ असूनही गटाला आणखी हवे होते. पुढच्या हंगामापासून हॅवलॉक तिकडे खेळणार. कॉटनवूडबरोबरची जुनी मॅच थांबवावी लागतेय याचं दुःख आहे, बाई म्हणाल्या, पण पुढच्या आठ हंगामांत एकही तारीख मोकळी नाही.

डेलने टोपी हवेत उडवली. “बसलो की नाही मोठ्यांच्या पंक्तीत!”

“बाराची पंगत आणि तुम्ही एकोणिसावे. त्या कॉलेजांत मोजायला शिकवत नाहीत का रे?”

“जळतोस तू.”

“जळेन नाहीतर काय. पहिली मॅच कुठेय?”

डेलने फोनवर पाहिलं. “ऑरेगनला. आपल्या घड्याळात रात्री साडेनऊ.”

“साडेनऊला तू घोरत असतोस.”

“जागेन.”

“स्वतःच्या मुलीच्या लग्नात जागला नाहीस,” कॅरल आतून म्हणाली.

ऑरिन खो-खो हसला. डेलही हसला, पण जरा उशिरा. तो बोटाने यादी खाली खाली सरकवत होता.

“नोव्हेंबरात कोण आहे?” ऑरिनने विचारलं.

“आहे कोणीतरी.” डेलने फोन डोळ्यांजवळ नेला. “यांच्या टोपीवर मासा आहे.”

“माशाला काय चिडवणार तू?”

डेलने फोन खिशात टाकला. टोपी चढवून तो घरी गेला.

दुपारी ऑरिन भांडी पुसत होता, तेव्हा त्याला खांबापाशी डेल दिसला. पायाशी डबा, हातात ब्रश. ऑरिन फडकं खांद्यावर टाकून तसाच बाहेर पडला.

डब्यात कॉटनवूडचा हिरवा रंग होता. डेलच्या शेडमध्ये हिरवा नेहमीच असे. हरायची सवय त्याला जुनी होती.

“हे काय चाललंय?”

“तुझी पेटी हिरवी करतोय,” डेल वर न बघता म्हणाला. “आता मॅचच नाही म्हटल्यावर बिचारी कायमची जांभळी कशाला? बहिणीचं घर आहे शेवटी.”

नोव्हेंबरपासून रोज सकाळी ऑरिन त्या जांभळ्या झाकणात हात घालत होता आणि रोज एक शिवी देत होता. आता ब्रशच्या टोकाला हिरवा थेंब लोंबत होता. त्याने पेटीवर आडवा तळहात ठेवला.

“थांब. जिंकलो का मी?”

“नाही.”

“मग?”

“ऑरिन, आठ हंगाम तारीख नाहीये.”

“नवव्याला असेल.”

“तोवर आपण ऐंशीचे होऊ.”

“ऐंशीच्या म्हाताऱ्याला ब्रश धरता येत नाही असं कुणी सांगितलं? नवव्या वर्षी तुम्हाला धुतो आणि मग ही पेटी मीच हिरवी करतो. आणि तुझीही. तू फक्त खुर्ची टाकून बघत बस.”

डेलने त्याच्याकडे पाहिलं. मग ब्रश डब्याच्या काठावर निपटला, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि झाकण ठोकून बसवलं. डबा उचलून तो रस्ता ओलांडू लागला.

“डेल!” ऑरिनने मागून हाक मारली. “जांभळा उरलाय का तुझ्याकडे? असेल तर घेऊन ये. पश्चिमेच्या बाजूला पोपडे निघालेत.”