सातवा कप

खुनाच्या आरोपीची ओळख परेड होती. साक्षीदार मावशींना कुठूनही इशारा मिळू नये म्हणून आरोपीसारखीच दिसणारी सहा माणसं मी शोधून त्याच्या रांगेत उभी केली होती. तेच वय, तशाच मिश्या, तसेच शर्ट. त्यामागचं मानसशास्त्र पोलिसांना समजावता समजावता माझा घसा बसला होता.

मावशींनी आत येताच थेट बोट दाखवलं. “हाच!”

“कशावरून ओळखलंत?”

“बाकीच्यांना चहा दिलाय की.”

मी हवालदारावर उखडले. “भोईटे, कप सहाच?”

“ते आपल्या मदतीला आलेत, मॅडम. चहा नको विचारायला? आणि खुन्याला कशाला पाजायचा?”

मी कपाळाला हात लावला. “परेड रद्द. पुन्हा घ्यावी लागेल.”

“घ्या की,” मावशी म्हणाल्या. “आता ह्याचा चेहरा पक्का ध्यानात राहिलाय.”