वाळवीने खाल्लेल्या जागा

बायकोच्या, सुलभाच्या, वह्या रद्दीत गेल्याचं धोंडीराम शेवाळ्यांना कळलं, ते तिच्या तेराव्यानंतर दप्तरखान्यात गेले त्या दिवशी. तिने तिथे तीस वर्षं मोडी कागद वाचून त्या वह्यांत देवनागरीत उतरवले होते. वाळवीने खाल्लेल्या जागी ती नुसती टिंबं द्यायची. अंदाज करायची नाही.

"काका, स्कॅन झाल्यावर मूळ कागदही नष्ट केले," संगणकावरची मुलगी म्हणाली. "टिंबं यंत्राने भरली. आता कसं सलग वाचता येतं बघा!"

"भरली कशाने? तिथे कागदच नव्हता, बाई!"

"अहो, आता शाळेतही हाच मजकूर शिकवतात."

"एखादी जुनी प्रत असेल. हात जोडतो तुला."

"सगळ्या प्रती बदलल्या, काका."

कागदातलं वाक्य कुठलं आणि यंत्राचं कुठलं, हे निवडायचं काम आजही तसंच राहिलं आहे; ताडून पाहायला मूळ काही उरलेलं नाही.