चार मिनिटं

"निरोप पाठवणाऱ्याला तशी परवानगी आहे का, हे तपासणारा भाग बंद असेल, तर निरोप जाऊ द्यायचा की अडवायचा?" वरिष्ठ तुंगारेंनी शर्वाणीला विचारलं.

"अडवायचा," ती म्हणाली. धरणाचे इशारे गावोगावी पोचवणारी यंत्रणा ती रचत होती. खोट्या इशाऱ्याने लोक जीव मुठीत धरून पळतील, याची तिला धास्ती होती.

वर्षभराने एका दुपारी परवानगी तपासणारा तो भाग काढून नवा बसवताना चार मिनिटं गेली. नेमके तेव्हाच धरणाचे दरवाजे उघडले. निघालेला इशारा यंत्रणेने अडवला. नदीवर धुणं धुणाऱ्या दोघी वाहून गेल्या.

शर्वाणीने गावात जाऊन सगळं सांगितलं. एकीच्या नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी येतंय एवढं सांगायलाही परवानगी लागते, ताई?"

"हो. मी तसं ठरवलं होतं," ती म्हणाली.