धूमकेतूची सुयुंशी

शेजारच्या बल्झानअपांना डॉक्टरांनी वसंतापर्यंतचीच मुदत दिलेली. त्यांचे यजमान ओमिरझाक निवृत्त खगोलशास्त्रज्ञ. बायकोला ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची खात्री. काल मी अपांपाशी बसले असताना ते लॅपटॉप नाचवत खाटेशी आले.

“म्हातारे, गोड बातमी आहे! आधी सुयुंशी काढ, गोड बातमीचं बक्षीस, मग सांगतो.”

पडद्यावर एक ठिपका सूर्याला वळसा घालून परतत होता.

“आपल्या लग्नाच्या वर्षीचा धूमकेतू! चार वर्षांनी पुन्हा येतोय. तोवर कुठं जायचं नाही!”

“बक्षिसावर बरा डोळा असतो तुमचा,” म्हणत अपांनी हातातलं चांदीचं कडं काढून दिलं. म्हातारबुवा हरखून चहा ठेवायला गेले.

“खरंच येईल, अपा?” मी विचारलं.

 

“त्या धूमकेतूवरचा त्यांचा शोधनिबंध मीच टाइप केला होता, पोरी. तो कधीच परतणार नाही, असं शेवटच्या ओळीत होतं. पण या आनंदात ते आज दोन घास जेवतील बघ.”